बेट-देशांना हवामान निधी कसा मिळतो: पहिल्यांदाच फाईल हाती घेणाऱ्यांसाठी

मालदीव, मॉरिशस, फिजी किंवा सेशेल्सच्या एखाद्या मंत्रालयात, तिथल्या स्वयंसेवी संस्थेत, नाहीतर त्यांच्यासाठी काम करणाऱ्या सल्लागार कंपनीत तुम्ही नुकतेच रुजू झालात. आल्या आल्या कोणीतरी 'ग्रीन क्लायमेट फंडाचं जरा बघा' म्हणत एक फोल्डर तुमच्याकडे सरकवला. असं झालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी स्वतः पाणीपुरवठ्याच्या कामातून इकडे वळलो. सीए, समाजकार्य किंवा किनारपट्टी अभियांत्रिकीकडून आलेले मराठी लोकही या क्षेत्रात भेटतात. मॉरिशसमध्ये तर पिढ्यान्‌पिढ्यांचा मराठी समाज आहे. सगळ्यांची सुरुवातीची गोंधळाची जागा मात्र एकच असते.

ती म्हणजे, निधी देशाला मिळतो हा समज. प्रत्यक्षात निधी मिळतो एका संस्थेला, जिने आधी मोठी परीक्षा देऊन मान्यता मिळवलेली असते. देशाचं सरकार फक्त 'आमची हरकत नाही' असं लिहून देतं. भाषणांत 'अमुक देशाला इतके डॉलर' असंच ऐकू येत असल्यामुळे हे चटकन ध्यानात येत नाही. म्हणून बहुतेक जण आधी प्रकल्पाची कल्पना लिहून काढतात आणि मग ती घेऊन संस्थांचे उंबरे झिजवतात. क्रम उलटा ठेवा: आधी निधी ठरवा, मग संस्था, आणि लेखणी त्यानंतर उचला.

## १. कोणत्या निधीकडे जायचं?

ग्रीन क्लायमेट फंड (जीसीएफ). २०१० मध्ये कान्कूनच्या संयुक्त राष्ट्र हवामान परिषदेत याची स्थापना ठरली. मुख्यालय दक्षिण कोरियात, इंचॉनमधल्या सोंगदोला. नोव्हेंबर २०१५ मध्ये झांबियातल्या लिव्हिंगस्टनला मंजूर झालेल्या पहिल्या प्रकल्पांमध्ये मालदीवचा पाण्याचा आणि फिजीचा शहरी पाणी-सांडपाण्याचा प्रकल्प होता. फंडाचं धोरण असं की निम्मा पैसा अनुकूलनाला, म्हणजे हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या कामांना, आणि त्यातला किमान निम्मा अल्पविकसित देश, छोटे बेट-देश व आफ्रिकी देश यांना. वाटा राखून ठेवलाय म्हणजे रांग नाही असा अर्थ काढू नका. त्या रांगेत आफ्रिकेतले मोठमोठे देशही उभे असतात.

अ‍ॅडॉप्टेशन फंड. क्योटो करारातून आलेला, आकाराने लहान, पण नवख्यांना मानवणारा. अनुकूलनाचा पूर्ण खर्च तो देतो, सहवित्ताची, म्हणजे दुसऱ्या कोणी खर्चात वाटा उचलण्याची, अट घालत नाही. प्रत्येक देशाला कमाल मर्यादा असते. ती आधी १ कोटी डॉलर होती, २०२१ मध्ये २ कोटी झाली आणि पुढे आणखी वाढली. देशाच्या नावावर त्यातली किती रक्कम शिल्लक आहे, हा तुमचा पहिला प्रश्न असला पाहिजे. मॉरिशसने २०११ मध्येच सुमारे ९१ लाख डॉलर या खिडकीतून घेतले. त्यातून रिव्हिएर दे गालेला किनारा सावरणारं बांधकाम, कात्र सरला पूर आल्यावर आसऱ्याला जायचं केंद्र आणि माँ शुआझीच्या किनाऱ्याचं संरक्षण, अशी डोळ्यांना दिसणारी कामं झाली. नवख्याने असलेच प्रकल्प आधी अभ्यासावेत.

ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी (जीईएफ). हिच्या छत्राखाली अल्पविकसित देशांसाठी वेगळा निधी आहे, पण तो फक्त त्यांच्यासाठीच. तुवालू आणि किरिबाटी संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीत आहेत. मालदीव २०११ मध्ये, सामोआ २०१४ मध्ये आणि वानुआतू २०२० मध्ये यादीतून बाहेर पडले. जुना प्रस्ताव समोर ठेवून नवा लिहिणारे इथे हमखास ठेचकाळतात. गावपातळीवरच्या संस्थांसाठी जीईएफचा स्मॉल ग्रँट्स प्रोग्राम आहे. रक्कम काही दहा हजार डॉलरांची, कागद कमी. मच्छीमार सहकारी संस्था किंवा महिला गटासोबत काम करत असाल तर थेट तिकडेच जा, पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

लॉस अँड डॅमेज निधी, म्हणजे हवामान बदलाने झालेल्या नुकसानीसाठीचा. २०२२ च्या शर्म-अल-शेख परिषदेत ठरला, २०२३ ला दुबईत कार्यरत झाला. एप्रिल २०२५ मध्ये बार्बाडोसच्या बैठकीत सुरुवातीच्या २५ कोटी डॉलरांच्या वाटपाची पद्धत ठरली. एका प्रस्तावाला ५० लाख ते २ कोटी डॉलर, आणि किमान निम्मा वाटा बेट-देश व अल्पविकसित देशांना. नवा निधी असल्याने नियम अजून घडताहेत. जुन्या नमुन्यावर विसंबू नका.

आपत्ती विमा हा वेगळा प्रकार. २०२४ च्या जुलैत बेरिल चक्रीवादळानंतर ग्रेनाडाला कॅरिबियन विमा योजनेतून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर झपाट्याने मिळाले. पण तो पैसा प्रस्ताव लिहून मिळत नाही, वर्षानुवर्षं हप्ता भरून मिळतो.

इथेच एक सापळा सांगून ठेवतो, कारण तो बजेट बनवताना चावतो. दरडोई उत्पन्न वाढलं की देश अधिकृत विकास मदतीच्या यादीतून बाहेर जातो. सेशेल्स २०१८ मध्ये, कुक बेटं २०२० मध्ये आणि अँटिग्वा व बार्बुडा २०२२ मध्ये असे बाहेर पडले. जीसीएफ आणि अ‍ॅडॉप्टेशन फंड त्या यादीवरून पात्रता ठरवत नाहीत, त्यामुळे त्यांचं दार उघडंच राहतं. पण तुमच्या प्रस्तावात 'सहवित्त' म्हणून ज्या युरोपीय देशाचं नाव लिहिलंय, त्याची मदत आटू शकते. एका वादळात वर्षभराचं राष्ट्रीय उत्पन्न वाहून जाऊ शकणाऱ्या देशाला दरडोई उत्पन्नाने मोजणं मला आजही अन्यायाचं वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये असुरक्षिततेचा बहुआयामी निर्देशांक स्वीकारला तो यासाठीच. प्रस्तावाच्या पार्श्वभूमीत त्याचा उल्लेख जरूर करा, पण त्याच्या जोरावर पात्रता मिळेल असं गृहीत धरू नका.

## २. सही कोणाची लागते ते शोधा

जीसीएफसाठी प्रत्येक देशात एक 'नॅशनल डेझिग्नेटेड ऑथॉरिटी' असते. सगळे तिला एनडीए म्हणतात. कुठे ती अर्थ मंत्रालयात बसते, कुठे पर्यावरण मंत्रालयात. एनडीए म्हणजे आपल्याकडचा तलाठी समजा: जमीन त्याची नसते, पण त्याच्या सहीशिवाय कागद हलत नाही. अ‍ॅडॉप्टेशन फंडासाठी सही करणारा अधिकारी वेगळ्या मंत्रालयातला असू शकतो, आणि जीईएफचा तिसऱ्याच. या तिघांची नावं फंडांच्या संकेतस्थळांवर असतात. निवडणूक झाली, मंत्रिमंडळ बदललं की ती बदलतात आणि संकेतस्थळावर बरेच दिवस जुनंच नाव राहतं. सही घेण्याआधी खात्री करा. पदावरून गेलेल्या माणसाची सही म्हणजे प्रस्ताव परत.

एनडीएकडून घ्यायचा मुख्य कागद म्हणजे ना हरकत पत्र. दिसायला ते एक पानी असतं. फंडाचा मसुदा ठरलेला आहे आणि त्यात तीन गोष्टी लागतात: सरकारची हरकत नाही, प्रकल्प देशाच्या धोरणांशी व प्राधान्यांशी जुळतो, आणि तो देशाच्या कायद्यांनुसार आहे. पत्रातलं प्रकल्पाचं नाव आणि प्रस्तावाच्या मुखपृष्ठावरचं नाव अक्षरशः एकच हवं. मध्येच कोणाला तरी 'रेझिलियंट' शब्द घालावासा वाटतो, नाव बदलतं, पत्र जुन्या नावाचं राहतं, आणि मग सचिव दौऱ्यावर असताना नव्या सहीसाठी सगळे ताटकळतात. बहुदेशीय प्रकल्प असेल तर प्रत्येक देशाचं पत्र वेगळं. पाच बेट-देशांचा प्रादेशिक प्रकल्प कागदावर फार देखणा दिसतो, पण पाचवं पत्र मिळवणाऱ्याला विचारा.

पत्र देण्यापूर्वी एनडीएकडे बहुधा आंतरमंत्रालयीन समितीची बैठक होते. ती कधी भरते याची चौकशी आधीच करा. छोट्या देशात तीच दहा-बारा माणसं सगळ्या समित्यांवर असतात, आणि हवामान परिषदेच्या काळात ती सगळी परदेशी असतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात सहीची अपेक्षा ठेवू नका.

## ३. पैसा कोणाच्या खात्यातून येणार?

दोन वाटा आहेत. पहिली, आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त संस्था. मालदीवचा पहिला प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत (यूएनडीपी) आला, फिजीचा आशियाई विकास बँकेमार्फत, मालदीवचा किनारे सुरक्षित करण्याचा नंतरचा प्रकल्प जपानच्या जायका या मदतसंस्थेमार्फत. दुसरी वाट 'डायरेक्ट अ‍ॅक्सेस'ची: देशातली किंवा त्या प्रदेशातली संस्था स्वतः मान्यता मिळवते. कुक बेटांची लोकसंख्या जेमतेम १५ हजार, तरी तिथल्या अर्थ मंत्रालयाने जीसीएफ आणि अ‍ॅडॉप्टेशन फंड या दोन्हींची मान्यता मिळवली आहे. फिजी डेव्हलपमेंट बँक, मायक्रोनेशिया कॉन्झर्वेशन ट्रस्ट आणि अँटिग्वा व बार्बुडाचा पर्यावरण विभाग हे आणखी दाखले. प्रादेशिक संस्थांमध्ये पॅसिफिकसाठी सामोआतली स्प्रेप ही पर्यावरण संस्था आणि कॅरिबियनसाठी बेलीझमधलं कॅरिबियन कम्युनिटी क्लायमेट चेंज सेंटर.

कोणती वाट चांगली यावर चर्चासत्रांत तावातावाने वाद होतात. माझं मत सरळ आहे. देशाला पैसा लवकर हवा असेल तर पहिला मोठा प्रकल्प आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत करा, पण स्थानिक खात्याला अंमलबजावणीत नावासकट घ्या आणि त्याच काळात एका देशी संस्थेची मान्यता सुरू करा. अँटिग्वाच्या पर्यावरण विभागाची चढण या बाबतीत बघण्यासारखी आहे. २०१५ मध्ये अ‍ॅडॉप्टेशन फंडाची मान्यता, मग त्या फंडातून सुमारे १ कोटी डॉलरचा पाणलोट क्षेत्राचा प्रकल्प, मग जीसीएफची मान्यता, आणि २०२० मध्ये इमारती चक्रीवादळांत टिकाव्यात म्हणून जीसीएफकडून ३ कोटी २७ लाख डॉलर. लहान फंडातल्या कामाच्या नोंदी मोठ्या फंडात पुरावा म्हणून कामी आल्या.

मान्यतेसाठी साधारण ही कागदपत्रं लागतात:

- संस्थेच्या कायदेशीर अस्तित्वाचा पुरावा आणि करार करण्याचा अधिकार
- गेल्या किमान तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब
- अंतर्गत लेखापरीक्षणाची सनद, वार्षिक योजना आणि त्यातले प्रत्यक्ष अहवाल
- खरेदी धोरण आणि त्यानुसार झालेल्या निविदांच्या फाईली
- भ्रष्टाचार व मनी लाँडरिंगविरोधी धोरण, तक्रार करणाऱ्याला संरक्षण, चौकशीची पद्धत
- पर्यावरण-सामाजिक सुरक्षेचं धोरण, स्त्री-पुरुष समानतेचं धोरण, लोकांच्या तक्रारी घेण्याची व्यवस्था
- पूर्वी हाताळलेल्या प्रकल्पांची यादी, रकमांसह

घोळ होतो तो यादीतल्या 'प्रत्यक्ष' या शब्दापाशी. सल्लागार नेमून महिन्याभरात झकास धोरणं लिहून घेता येतात. छाननी करणारे विचारतात, 'याप्रमाणे झालेली शेवटची खरेदी दाखवा. किती निविदा आल्या, कोणी उघडल्या, नकार मिळालेल्याला काय कळवलं?' सरकारी खातं असेल तर दप्तरात हे सापडतं. छोट्या ट्रस्टमध्ये मात्र सगळं एका व्यवस्थापकाच्या डोक्यात असतं. मान्यता रकमेच्या टप्प्यांनुसार मिळते आणि जीसीएफमध्ये सगळ्यात खालचा टप्पा १ कोटी डॉलरपर्यंतच्या प्रकल्पांचा आहे. पहिल्यांदा तोच मागा. लहान संस्थांसाठी अ‍ॅडॉप्टेशन फंडाची मान्यता पद्धत सुटसुटीत आहे, मायक्रोनेशिया कॉन्झर्वेशन ट्रस्ट तिथूनच आत आला. एखाद्याच प्रकल्पापुरती तपासणी करून घेण्याची सोयही जीसीएफने ठेवली आहे. पूर्ण मान्यतेची हौस नसेल तर तिची चौकशी करा.

## ४. तयारीचे पैसे आधी मागा

हा सगळा खटाटोप पगारी माणसांनी करायचा, आणि मंत्रालयाच्या हवामान विभागात माणसं तीन. त्यासाठीच जीसीएफचा 'रेडीनेस' कार्यक्रम आहे. त्यातून एनडीएचं कार्यालय चालवणं, संस्थेला मान्यतेसाठी तयार करणं, राष्ट्रीय अनुकूलन आराखडा बनवणं यांचा खर्च निघतो. २०२४ पासूनच्या रचनेत एका देशाला चार वर्षांत ७० लाख डॉलरपर्यंत मागता येतात. प्रस्तावाचे अभ्यास करून घ्यायला वेगळी प्रोजेक्ट प्रिपरेशन फॅसिलिटी आहे, १५ लाख डॉलरपर्यंत.

माणूसबळ कमी असेल तर राष्ट्रकुलाच्या क्लायमेट फायनान्स अ‍ॅक्सेस हबकडे विनंती करता येते. त्याचं ठाणं मॉरिशसमध्येच आहे. हा हब थेट मंत्रालयात सल्लागार बसवतो. बाहेरून येऊन तीन दिवसांची कार्यशाळा घेणाऱ्यापेक्षा शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस शंभर पटींनी उपयोगी.

## ५. कन्सेप्ट नोट: हे हवामानामुळेच होतंय, हे दाखवा

कन्सेप्ट नोट म्हणजे पूर्ण प्रस्तावाआधी फंडाला द्यायचा कल्पनेचा छोटा आराखडा. सगळ्यात जास्त प्रस्ताव इथे अडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

मालदीवचंच उदाहरण घेऊ. बाराशेच्या आसपास बेटं, वस्ती साधारण दोनशेंवर. नदी नाही, ओढा नाही. वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. लोक विहिरीतून तो उपसत आणि पिण्यासाठी छपरावरचं पाणी टाकीत धरत. ईशान्येच्या वाऱ्यांचा कोरडा मोसम, ज्याला तिथे इरुवाई म्हणतात, लांबला की टाक्या रिकाम्या होतात आणि सरकार बोटींनी पाणी पाठवतं. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेच्या पाणी शुद्धीकरण केंद्राला आग लागली तेव्हा तर भारताने विमानं आणि जहाजांनी पाणी पोचवलं होतं. एवढं वाचल्यावर कोणालाही वाटेल, यांना पाण्यासाठी पैसे द्यायला अजून काय हवं?

छाननी करणारा मात्र वेगळंच विचारतो. विहिरी खराब झाल्या त्या समुद्र चढल्यामुळे, की सेप्टिक टँक झिरपल्यामुळे? टाक्या रिकाम्या होतात त्या पाऊस कमी झाल्यामुळे, की लोकसंख्या वाढल्यामुळे? २००४ च्या त्सुनामीने भूजल खारं केलं, त्यात हवामान बदलाचा काय संबंध? आणि मालेची आग तर अपघातच होता! हे प्रश्न निर्दयी वाटतात खरे, पण हवामान निधी विकासातली सगळी तूट भरून काढायला निघालेला नाही. साध्या विकासाचा खर्च कोणता आणि हवामानामुळे वाढलेला खर्च कोणता, हे वेगळं करून दाखवणं तुमचं काम. तज्ज्ञांच्या बोलीत याला 'क्लायमेट रॅशनेल' म्हणतात.

मी हे करताना कोऱ्या कागदावर चार रकाने आखतो. पहिल्यात हवामानाचा बदल, मोजमापासकट: कोरडे दिवस, भरतीची पातळी, वादळं. दुसऱ्यात त्याचा त्या बेटावर होणारा परिणाम. तिसऱ्यात इतर कारणं, काहीही न लपवता: लोकसंख्या, सांडपाणी, उपसा. चौथ्यात प्रकल्पातलं नेमकं काम, जे पहिल्या रकान्यातल्या बदलाला उत्तर देतं. चौथ्या रकान्यातलं एखादं काम मागे जाऊन पहिल्या रकान्याला भिडत नसेल, तर ते सरकारच्या स्वतःच्या पैशातून दाखवायचं किंवा काढून टाकायचं. मालदीवच्या त्या प्रकल्पात जीसीएफने २ कोटी ३६ लाख डॉलर दिले आणि उरलेला भार सरकारने उचलला. त्यातून ४९ बेटांवरच्या सुमारे १ लाख ५ हजार लोकांसाठी पावसाचं पाणी साठवणं, निःक्षारीकरण (खाऱ्या पाण्यातलं मीठ काढणं) आणि भूजलावर देखरेख यांची सांगड घातली गेली.

आकडे कुठून आणायचे? जागतिक हवामान प्रारूपाच्या चौकटीची एक बाजू शंभरेक किलोमीटरची असते. त्यात तुमचं बेट दिसतही नाही, प्रारूपाच्या लेखी तिथे समुद्रच आहे. म्हणून जागतिक सरासरी चिकटवून भागत नाही. देशाच्या हवामान खात्याच्या पर्जन्यनोंदी, भरतीमापकाची मालिका, बोटीने पाणी पाठवल्याच्या सरकारी नोंदवह्या, आरोग्य केंद्रातल्या अतिसाराच्या नोंदी, जे हाती लागेल ते गोळा करा. पाणी पाठवल्याची नोंदवही हा माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका कागद: तारीख, बेट, टन, खर्च, सगळं त्यात असतं. आणि विदाच (डेटा) नसेल तर तसं स्पष्ट लिहून ती गोळा करणं हा प्रकल्पाचाच भाग करा. तुवालूने किनाऱ्याच्या प्रकल्पाच्या काळात विमानातून लेझरने बेटांच्या उंचीची मोजणी करून घेतली. त्याआधी कुठला भाग किती पाण्याखाली जाईल हे नेमकं सांगायला आधारच नव्हता.

जीसीएफ सहा निकष लावतो: परिणाम, आमूलाग्र बदलाची शक्यता, शाश्वत विकास, गरज, देशाची मालकी, कार्यक्षमता. गरजेवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि आमूलाग्र बदलावर दोन ओळी. छोट्या देशाने तिथे 'हेच काम दुसऱ्या बेटांवर कसं जाईल आणि प्रकल्प संपल्यावर कोण चालवेल' एवढं ठोस लिहिलं तरी पुष्कळ.

मराठी वाचकांना एक सोपा अभ्यास सुचवतो. जीसीएफचे मंजूर प्रस्ताव सगळ्यांसाठी खुले असतात. भारताच्या किनारी समुदायांसाठी २०१८ मध्ये मंजूर झालेला ४ कोटी ३४ लाख डॉलरचा प्रस्ताव उतरवून घ्या. महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशा ही त्यातली राज्यं, आणि आपल्याकडे त्याचं काम कांदळवन प्रतिष्ठानामार्फत चालतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाड्या, तिवरं, खेकडापालन हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ओळखीची जमीन फंडाच्या भाषेत कशी मांडली जाते ते कळलं की अनोळखी बेटाचं लिहिणं सोपं जातं. मुंबईत असाल तर नाबार्डही आहे, दोन्ही फंडांची मान्यता असलेली भारतीय संस्था.

## ६. पूर्ण प्रस्ताव आणि जोडपत्रं

कन्सेप्ट नोटवर हिरवा कंदील मिळाला की मुख्य प्रस्ताव. प्रकल्प लहान आणि पर्यावरणाला जवळपास निर्धोक असेल तर जीसीएफची सोपी मंजुरी पद्धत वापरा. तिची मर्यादा आता अडीच कोटी डॉलरपर्यंत आहे. फॉर्म आखूड, जोडपत्रं कमी.

नेहमीच्या प्रस्तावाला मुख्यतः हे जोडावं लागतं: ना हरकत पत्र, व्यवहार्यता अहवाल, आर्थिक विश्लेषण, तपशीलवार बजेट, अंमलबजावणीचं वेळापत्रक, पर्यावरण-सामाजिक परिणामांचा अभ्यास, स्त्री-पुरुष स्थितीचं विश्लेषण आणि कृती आराखडा, खरेदी आराखडा, सहवित्ताची पत्रं, देखभाल-दुरुस्तीचा आराखडा, लोकांशी झालेल्या चर्चांच्या नोंदी.

यातल्या तीन ठिकाणी पाय घसरतो.

परिणामांचा अभ्यास ठरलेल्या मुदतीआधी जाहीर करावा लागतो: मध्यम जोखमीच्या प्रकल्पाला मंडळाच्या निर्णयाआधी ३० दिवस, मोठ्या जोखमीच्या प्रकल्पाला १२० दिवस. तोही स्थानिक भाषेसह. मालदीवच्या दिवेहीत किंवा तुवालूच्या तुवालुअनमध्ये तांत्रिक अहवाल भाषांतरित करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

बजेट राजधानीच्या दराने करू नका. प्रवाळबेटावर खडी मिळत नाही, वाळूचा उपसा केला तर किनाराच जातो, म्हणजे काँक्रीटचा प्रत्येक घटक जहाजाने येतो. राजधानीच्या धक्क्यावरचा भाव आणि दूरच्या बेटावर, जिथे मोठी बोट लागत नाही आणि माल लहान होडीत उतरवावा लागतो, तिथला भाव, हे दोन स्वतंत्र रकाने हवेत. शिवाय खवळलेल्या समुद्राचे महिने वेळापत्रकातून वजा करा.

सहवित्ताच्या पत्रात रक्कम, चलन, कालावधी आणि ती रोख की वस्तुरूप, हे सगळं लागतं. 'आम्ही पाठिंबा देऊ' असं लिहिलेलं पत्र फंडाच्या लेखी कोरंच.

## ७. छाननी

फंडाच्या सचिवालयाचे शेरे येतात, तुम्ही उत्तरं देता, पुन्हा शेरे येतात. मग स्वतंत्र तांत्रिक सल्लागार मंडळ बघतं, आणि शेवटी संचालक मंडळ. चोवीस सदस्य, निम्मे विकसित देशांचे, निम्मे विकसनशील. बेट-देशांसाठी त्यात एक जागा राखीव आहे. त्या सदस्याच्या कार्यालयाला तुमच्या प्रकल्पाची माहिती आधीच द्या. शेऱ्यांना उत्तर देताना एकच तक्ता ठेवा: शेरा, उत्तर, प्रस्तावातलं पान. शेरे कधीकधी परस्परविरोधी असतात. तेव्हा दोघांनाही खूश करायला जाऊ नका, दोन्ही शेरे शेजारी मांडून कोणता पाळायचा ते लेखी विचारा.

## ८. मंजुरी मिळाली, पैसा अजून नाही

वर्तमानपत्रात बातमी येते, मंत्री ट्विट करतात, आणि किनाऱ्यावरचे लोक विचारू लागतात की काम कधी. मंजुरीनंतर संस्था आणि फंड यांच्यात करार होतो, त्याला कायदेशीर अभिप्राय लागतो, आणि पहिल्या हप्त्याआधीच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात: प्रकल्प कार्यालय, बँक खातं, संस्था व खात्यांमधले उपकरार. तुवालूचा ३ कोटी ६० लाख डॉलरचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. तिथल्या राजधानीत, फुनाफुटीला, समुद्रात भराव टाकून सात हेक्टरच्या आसपास नवी उंच जमीन उभी राहायला २०२३ उजाडलं. गावात पहिली सभा घ्याल तेव्हाच ही वर्षं लोकांना सांगून टाका.

करारावर सही होण्याआधी अंमलबजावणी करणाऱ्या खात्याच्या हिशेबनिसाला त्याच्या जोडपत्रांसकट बसवून वाचून घ्या. बजेटच्या एका ओळीतला पैसा दुसऱ्या ओळीत किती टक्क्यांपर्यंत परवानगीशिवाय हलवता येतो, हे करारात लिहिलेलं असतं आणि अभियंत्याला ते ठाऊक नसतं. अ‍ॅडॉप्टेशन फंडात मान्यताप्राप्त संस्थेची फी साडेआठ टक्क्यांच्या आत आणि अंमलबजावणीचा खर्च साडेनऊ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. गाड्या, भाडं, पगार सगळं त्यातच.

जीसीएफला वार्षिक प्रगती अहवाल कॅलेंडर वर्ष संपल्यावर साठ दिवसांत द्यावा लागतो. बऱ्याच देशांचं सरकारी आर्थिक वर्ष वेगळ्या महिन्यात संपतं, त्यामुळे त्या वेळी खर्चाचे आकडे जुळवलेले नसतात. दर तिमाहीला खात्याचा खर्च आणि प्रकल्पाचा खर्च समोरासमोर ठेवून ताळा घ्या. आणि जे निःक्षारीकरण संयंत्र किंवा पंप बसवताय, त्याचे मेंब्रेन, फिल्टर, डिझेल यांचा वार्षिक खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार, याचं अर्थ मंत्रालयाचं पत्र प्रकल्पाच्या पहिल्याच वर्षी मागून घ्या. शेवटच्या वर्षी मागायला गेलात तर तोवर सचिव बदललेले असतात.